पाच लाल, पाच पांढरी

"पिशवीत पाच लाल आणि पाच पांढरे चेंडू आहेत. न बघता एक काढला, तर तो लाल असण्याची संभाव्यता किती?" सुनेने प्रश्न मोठ्याने वाचला आणि पेन्सिल चावत बसली.

"न बघता कशाला काढायचा? डोळे काय गहाण टाकलेत?" शिवणयंत्रावरून सासूबाई म्हणाल्या.

सून हसली, पण तेवढ्यापुरतंच. मागच्या वर्षी संभाव्यतेच्या प्रश्नांनीच तिला बुडवलं होतं. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत ती थोडक्यात नापास झाली, आणि वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती. दिवसभर दवाखान्यात केसपेपर काढायचे, घरी येऊन स्वयंपाक, मग भांडी, आणि डोळे मिटायला लागले की गणित. सासूबाईंना हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. "या वयात शाळा!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

तरी त्या उठल्या. कोट शिवून उरलेल्या बटणांतून पाच लाल, पाच पांढरी मोजून त्यांनी एका डब्यात टाकली.

"रोज जेवणं झाली की तू एक काढायचं आणि परत टाकायचं. लाल आलं तर भांडी तुझी, पांढरं आलं तर माझी. बघू तुझं पुस्तक खरं बोलतं का."

पहिल्या दिवशी लाल आलं. दुसऱ्या दिवशीही लालच. सासूबाई खुशीत होत्या.

"आज लाल यायची शक्यता किती?" तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"अर्धी."

"अर्धी कशी? दोनदा लाल झालं, आता पांढऱ्याची पाळी."

"बटणांना कालचं आठवत नसतं, आई."

बोलता बोलता सुनेलाच काहीतरी उलगडलं. वर्षभर जे नुसतं घोकलं होतं, ते आत्ता कुठे कळलं होतं. तिला इतका आनंद झाला की पुन्हा लाल निघालं तरी वाईट वाटलं नाही. पण त्या दिवशी भांडी घासतानाच तिला डुलकी लागली आणि हातातला पेला फुटला. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घालून काचा गोळा केल्या.

सुनेच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. लाल बटणाची कड उंच होती, पांढरं अगदी सपाट. बोटाला फरक सहज कळत होता.

चौथ्या दिवशी तिने बोटाने चाचपून सपाट बटण काढलं. पाचव्या दिवशीही. मन खात होतं, पण परीक्षा तोंडावर आली होती, आणि मोकळ्या मिळालेल्या वेळात सरावाचे पेपर भराभर सुटत होते. तिला फार शोधावंही लागेना. पहिलंच बटण सपाट लागायचं. हात बसला, असं तिला वाटलं.

"पंधरवडा झाला, एकदाही लाल नाही," एकदा नवरा म्हणाला. "हे बसतं का तुझ्या पुस्तकात?"

सुनेचे कान तापले. "बसतं," ती म्हणाली. "क्वचित."

"बसतंय कसलं! माझंच नशीब फुटकं," सासूबाई कुरकुरल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

साबणाने त्यांची बोटं भेगाळली होती. सुईत दोरा ओवताना त्या बोट झटकायच्या आणि हळूच तोंडात धरायच्या. शिवणारीचं पोट बोटांवर असतं. सुनेला स्वतःची लाज वाटायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं. आज काही झालं तरी लालच काढायचं, आणि भांडी आपण घासायची.

जेवणं झाली. तिने डब्यात हात घातला आणि उंच कड शोधू लागली. पहिलं बटण सपाट लागलं. ते सोडून दुसरं धरलं, तेही सपाट. तिसरं, चौथं. तिने हात पार तळापर्यंत फिरवला.

"डब्यात झोपलीस का गं?" नवऱ्याने विचारलं.

"काढ की लवकर. आणि जा अभ्यासाला," सासूबाई म्हणाल्या. त्या केव्हाच बाह्या वर सारून नळापाशी उभ्या होत्या.

सुनेने डबा ताटलीत उपडा केला.

दहाच्या दहा बटणं पांढरी होती.