मध्ये कुणी नाही

मुजीबच्या मोटरसायकलवरून सिद्धाराम उतरले तेव्हा शिवप्रिया हात पुसतच शेडच्या बाहेर आली. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. फोनवर आठवड्याला ऐकू येणारा आवाज आज बेंबळीत तिच्या दारात उभा होता.

“बरं झालं आलात,” ती कानडीत म्हणाली आणि वाकून पाया पडली.

आत अयोध्या बसली होती. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीसाठी ती माल पसंत करायची. शिवप्रियाचं चॉकलेट तिला आवडलं होतं, पण तिची एक अट होती. वेष्टनावर जे छापलंय, ‘शेतकरी ते तुम्ही, मध्ये कुणी नाही’, ते तिला शेतकऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

ती ओळ शिवप्रियानं हौसेखातर छापली नव्हती. मुरूमच्या बाजारात तिच्या वडिलांची, गुरुलिंगअप्पांची, अडत होती. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उकिडवा बसून राहायचा. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, “ह्यांना का सांगत न्हाईत?” अप्पा नुसते हसले होते. पुढं तिनं मुजीबशी लग्न केलं, तेव्हा अप्पांनी लेक मेली असं सांगून गावजेवण घातलं. त्यानंतर तिनं मुरूमचं नाव तोंडात घेतलं नाही. धंदा काढताना एवढंच ठरवलं, आपल्या मालाला अडत्याचा हात लागू द्यायचा नाही.

तिला कोको देणारे सिद्धारामही काही सहज मिळाले नव्हते. ती पहिल्यांदा त्यांच्या सुपारीच्या बागेत गेली, तेव्हा त्यांनी पाणी पाजलं, सुपारीच्या सावलीतली कोकोची झाडं दाखवली आणि हात जोडले. एवढ्याशा मालासाठी, सगळा कोको एकदम उचलणारा कंपनीचा ट्रक कोण सोडणार? ती रडवेली होऊन परतली. पण थोड्याच दिवसांत त्यांचा स्वतःहून फोन आला. देतो म्हणाले. आपल्या बोलण्यानं म्हातारा विरघळला, असं ती मुजीबला कितीदा तरी सांगायची. माल यायचा तोही कसा, पोत्यात एक चपटं बी सापडायचं नाही. पैसे ती नंदीश नावाच्या खात्यावर भरायची. त्यांचा मुलगा असावा, असं ती धरून चालली होती.

तिनं चॉकलेटचा तुकडा पुढं केला. सिद्धारामांनी तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. “ह्याचं असं होतं व्हय?” ते हळूच म्हणाले. आयुष्यभर कोको पिकवून त्यांनी चॉकलेट कधी चाखलं नव्हतं. मुजीबनं तोंड फिरवून डोळे पुसले.

अयोध्याला राहवलं नाही. “काकांना विचारा ना, माल ते थेट तुम्हालाच देतात का?”

शिवप्रियानं हसत कानडीत विचारलं.

“न्हाय हो,” सिद्धारामही हसले. “तुमच्या शेठला देतो.”

शिवप्रियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “कुठल्या शेठला?”

“तुमच्याच की. तुम्ही येऊन गेल्यावर आले ते. ट्रकवाल्यापेक्षा जास्त भाव देतो म्हणाले, फक्त फोन बाईंना तुम्ही करा. दर खेपेला स्वतः येतात. अंगणात मांडी घालून एकेक बी निवडतात, मग पोती शिवतात.”

“आणि नंदीश? तुमचा मुलगा?”

“मला मुलगा कुठला? दोन लेकीच. नंदीश शेठचा मुनीम.”

शेडमधलं ग्राइंडर घरघरत होतं. शिवप्रियाच्या कानात तेवढंच शिरत होतं.

“काय म्हणाले?” अयोध्यानं विचारलं.

मुजीबला कानडी येत नव्हती, पण बायकोचा उतरलेला चेहरा त्याला कळत होता. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. ‘हो म्हणाले’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला मराठीतलं अक्षर कळलं नसतं.

“मध्ये एक व्यापारी आहे,” ती म्हणाली. “मला आत्ता कळलं.”

अयोध्यानं नमुन्याचा डबा टेबलावर परत ठेवला. “खरं सांगितलंत, हे बरं केलंत. पण ह्या ओळीवरच सगळं होतं हो.” गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत शिवप्रिया दारात उभी राहिली.

सिद्धाराम गांगरून गेले होते. “माझं काय चुकलं का, अम्मा?”

“तुमचं काय न्हाय.” तिनं त्यांच्या फोनकडं बोट दाखवलं. “त्या माणसाला फोन लावा.”

“शिवा, आधी पाणी पी,” मुजीब म्हणाला. “मग बोल.”

“न्हाय. आत्ताच. माझ्या नावावर इतकी वर्षं कोण दलाली खातंय ते मला ऐकायचंय. जे मागं टाकून आले, तेच माझ्या पोत्यांत घालून पाठवलं त्यानं.”

सिद्धारामांनी फोन लावून तिच्या हातात दिला. घंटी वाजत राहिली. पलीकडं फोन उचलल्याचा आवाज येताच ती कडाडली, “कोण हो तुम्ही? माझ्यासाठी माल उचला असं कुणी सांगितलं तुम्हाला? अडत्याचा हात लागू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि तुम्ही मला भर पाहुण्यांत खोटं पाडलंत! बोला की! नाव सांगा!”

पलीकडं कुणीतरी जड श्वास घेत होतं.

“नाव सांगा म्हणते ना!”

“माय,” गुरुलिंगअप्पा म्हणाले, “फोन ठिवू नको.”