पापणीची खूण

आईच्या मेंदूचा आलेख त्यानं वाचायचा नाही, ही अट प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी आधीच घातली होती. त्यानंही मान डोलावली होती.

मेंदूच्या प्रयोगशाळेत तो सगळ्यात धाकटा संशोधक. लोकांच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि उमटलेले आलेख वाचायचे, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला तारवाला म्हणत. हाताच्या थरथरीवरचं नवं औषध तपासणं चालू होतं, आणि त्यात आईही होती. काहींना खरं औषध, काहींना दिसायला तशीच पण नुसती साखरेची गोळी. कोणाला काय, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. बाटलीवर फक्त क्रमांक, आलेखावरही तोच. नाव कुठेच नाही.

पण पापणी मिटली की आलेखात उंचवटा येतो, आणि आईला लहानपणापासून पापण्या लागोपाठ दोनदा मिटायची सवय. एका आलेखात ते जोडउंचवटे दिसले आणि तारवाल्यानं आईला ओळखलं. आलेख बाजूला ठेवायला हवा होता. त्यानं तो वाचला.

सुधारणा शून्य. आईला साखर मिळत होती.

घरी आई नातीची वेणी घालायला बसायची आणि पेड सुटून जायचे. पोर बिचारी हूं की चूं करत नसे. मग आईच म्हणायची, "जा गं, आईकडून घालून घे. माझी बोटं आज संपावर आहेत."

दुसऱ्या एका क्रमांकाचा आलेख मात्र झकास सुधारत होता. दुपारी सगळे चहाला गेले असताना तारवाल्यानं कपाट उघडलं आणि त्या दोन बाटल्यांतल्या गोळ्या एकमेकींत बदलल्या. तो दुसरा माणूस कोण, याचा विचार त्यानं मुद्दामच केला नाही.

वाटपाच्या दिवशी नर्सनं खिडकीतून तो दुसरा क्रमांक पुकारला आणि टेलरबाई उठली. बाहेरच्या बाकावर आईशेजारी बसून हसणारी, दोन नातवंडांना शिवणावर पोसणारी टेलरबाई. हल्ली सुईत दोरा ओवता येतोय, असं ती आईला कौतुकानं सांगत होती.

अजून वेळ होता, सांगता आलं असतं. तो आईजवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "या वेळची एकही गोळी चुकवू नकोस. ऐकतेस ना?"

आईनं त्याच्याकडे नीट बघितलं. "बरं," म्हणाली.

पुढचे आलेख आले तेव्हा तो चक्रावला. टेलरबाईचा तसाच चांगला, आईचा तसाच वाईट. टेलरबाईचं नुकसान झालं नाही, म्हणून त्याला हायसं वाटलं. आईच्या नावानं मात्र त्यानं मनातल्या मनात हात टेकले. खरं औषध घेऊनही फरक नाही, म्हणजे तिच्या मेंदूला ते मानवतच नाही.

शेवटी क्रमांकांची नावं उघड झाली. औषध गुणकारी ठरलं होतं. साखर मिळालेल्या सगळ्यांना आता ते देणार, असं बाईंनी सांगितलं. तुझ्या आईचं नाव घालू ना, असं त्यांनी विचारलं. तो नको म्हणाला. का, ते सांगितलं तर बाटल्यांची गोष्ट बाहेर आली असती. घरी विचारून सांगतो, एवढंच पुटपुटून तो निघाला.

संध्याकाळी त्यानं आईला सांगितलं की ते औषध तिला लागू पडत नाही, उगाच पोटात कशाला घालायचं.

"न घेताच कसं कळलं तुला?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. कपाट, बाटल्या, टेलरबाई. मान खाली घालून सांगत होता. त्याचं संपलं आणि आईला हसू आवरेना.

"अरे, औषध घे म्हणून तू जन्मात कधी मागे लागला नाहीस. त्या दिवशी लागलास, तेव्हाच ओळखलं मी, पोरानं बाटलीत काहीतरी खास घातलंय. म्हटलं, माझं काय, एक वेणी. तिचं पोट हातावर. तिथेच बाकावर दोघींनी गोळ्या बदलल्या. माझे हात हे असे, अर्ध्या बाकाखाली घरंगळल्या मेल्या, पण वेचून वेचून सगळ्या तिलाच दिल्या."