साहेबांची खोली

सत्र न्यायालय नव्या इमारतीत गेलं आणि जुन्या इमारतीचं संग्रहालय झालं. उद्घाटनाला दिवंगत न्यायाधीशांची पत्नी म्हणून नलिनीताईंना बोलावणं आलं. त्या गेल्या, ते फक्त नवऱ्याची खोली बघायला. काही निकालांनंतर ते तिथे तास-दोन तास थांबत, आणि सोबत त्यांच्या स्टेनो सबनीसबाई असत. नलिनीताईंनी ताटं झाकून वाट पाहिली होती. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

खोलीत सबनीसबाईच उभ्या होत्या, हातात काठी घेऊन. केस पांढरे झाले होते, तरी अजून दाट होते. ते नलिनीताईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"इतका वेळ काय करायचात हो तुम्ही दोघं इथे?" त्यांनी अखेर विचारलंच.

सबनीसबाई रागावल्या नाहीत. "फाशी सुनावली की साहेब आत येऊन रडायचे. पाच वेळा सुनावली, पाचही वेळा रडले. मी नुसती समोर बसून राहायचे. मग साहेब तोंड धुऊन घरी निघायचे. म्हणायचे, हे नलूला कळता कामा नये." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "दुसरं काही नव्हतं, वहिनी. देवाशपथ."

नलिनीताईंनी मान हलवली. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या डोळ्यांत त्यांनी एकदाही पाणी पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

दुसरं काही असतं, तर या बाईला त्यांनी आज माफ केलं असतं.