हळदीचा डाग
पिंपळगाव राजात पाठवणीच्या वेळी नवरीनं शालूला बांधलेल्या वामनच्या उपरण्यानंच डोळे पुसले आणि पांढऱ्या कापडावर नारिंगी डाग पडला. "हळद हाये, जवाईबापू," सासू नको तितक्या घाईनं म्हणाली. वामनच्या मनात पाल चुकचुकली. नागपुरात औषधशास्त्र शिकणाऱ्या त्या नवरदेवानं मामाच्या चंचीतला चुना बोटानं डागावर चोळला. हळद असती तर कुंकवासारखी लाल झाली असती. डाग नारिंगीच राहिला. क्षयावरच्या नव्या औषधानं आसवंसुद्धा नारिंगी होतात, हे त्यानं यंदाच वर्गात ऐकलं होतं. म्हणजे फसवून लग्न लावलं होतं. त्यानं नवरीकडं पाहिलं. ती उपरण्याची गाठ मुठीत घट्ट धरून उभी होती. तो वाकून हळूच म्हणाला, "गोळ्या संगं घेतल्या का?" तिनं मान डोलावली. तेवढ्यात त्याची आई आली. "कायचा डाग हाये रे?" वामननं उपरणं दुमडलं. "हळदीचा."