शिवारातलं हेलिकॉप्टर

"आवाजावरून हेलिकॉप्टर अडवता येत नाही, रामेश्वर. आकडे काय सांगतात?"

फोनवरच्या साहेबांना रामेश्वरने खरं तेच सांगितलं. "आकडे ठीक आहेत, सर."

"मग सोडा. अंधार पडायच्या आत ते तळावर पाहिजे."

हवाई दलाचं ते हेलिकॉप्टर आदल्या दिवशी घाटनांदूरच्या शिवारात, छबुबाई नावाच्या म्हातारीच्या हरभऱ्यात उतरलं होतं. इंजिनाचा लाल दिवा लागला म्हणून वैमानिक फिरोजने खाली घेतलं. दुरुस्तीचा अधिकारी रामेश्वर जीपने आला आणि सकाळभर खपला. दिवा विझला. पण इंजिन चालू केलं की आत काहीतरी किरकिरायचं, आणि ते त्याला एकट्यालाच ऐकू यायचं. आतून तपासायचं तर तळावरून कॅमेरा यायला हवा होता. साहेब दर वेळी नाही म्हणाले. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही.

"कान तपासून घे तुझे," फिरोज हसला. दोघं जुने दोस्त.

"वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर काय करशील?"

"तुझ्या नावाने शिव्या देईन."

रामेश्वरला हसू आलं नाही. दोस्त जिवंत पोचणार नाही, अशी त्याला भीती होती. तो छबुबाईंच्या आखाड्यावर, त्यांच्या शेतातल्या घरी, पाणी पिऊन आला आणि त्याने इंजिनाच्या तोंडावरचं झाकण काढलं.

हेलिकॉप्टरभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे गावाची जत्राच भरली होती. निघायची वेळ झाली तशा छबुबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या.

"लेकरू आमच्या रानातून चाललंय. ववाळल्याबिगर कसं धाडावं?"

फिरोजने स्वतःच दोरी उचलली आणि मान वाकवली. त्याला ओवाळून झालं. मग म्हातारीने लग्नात उधळतात तशा मूठभर अक्षता उधळल्या, त्या थेट इंजिनाच्या तोंडात.

"थांबा!" रामेश्वर ओरडला. "काय केलंत हे, मावशी? बाहेरचा एक दाणा आत गेला तरी इंजिन आतून तपासल्याशिवाय उडवता येत नाही!"

छबुबाईंचा चेहरा उतरला. "आमाला काय ठावं, साहेब?"

"कावून वरडता म्हातारीवर?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "तांदळानं इमान मोडतंय व्हय?"

साहेबांनी फोनवर सगळ्या गावाला अडाणी ठरवलं. पण नियम तो नियम, कॅमेरा पाठवावाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा आत गेला. तांदूळ दिसले. त्यांच्या मागे आतल्या एका पात्याला बोटभर तडा दिसला. फिरोजने कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या तड्यावर बोट ठेवलं.

"अल्लानेच धाडलं त्या म्हातारीला," तो म्हणाला. "जा, माझ्या वतीने पाया पड तिच्या. आणि माफी माग."

रामेश्वर आखाड्यावर गेला. छबुबाई चूल सारवत होत्या. आसपास कुणी नाही हे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"तुमी दाखवलं तितंच पडले न्हवं तांदूळ, साहेब? पर वरडायचं ठरलं व्हतं, इतकं वरडायचं न्हवतं ठरलं."