निशाच्या वाटणीचा रस

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, लेक आली नाही, म्हणून मालूबाईनं तिच्या वाटणीचा आमरस फ्रीजरमध्ये गोठवून ठेवला होता. निशा जर्मनीत पोस्टडॉक म्हणून संशोधन करते, प्रोटीनच्या नळ्या अशाच गोठवते. “पण मम्मी, एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही, खराब होतं,” हे तिनंच शिकवलेलं. आज निशा दिवाळीसाठी विमानात बसणार, म्हणून मालूबाईनं सकाळीच डबा बाहेर काढला. निंबोला गावातल्या घरात तिच्याशिवाय दुसरं होतंच कोण? दुपारी फोन आला. “मम्मी, दोन सालांनी माझ्या प्रोटीनचे क्रिस्टल बनले! सरांनी नोकरी एक साल वाढवून दिली. आत्ता निघता नाही येणार. नाराज नाही ना?” “छे बेटा, नाव काढलंस!” “रस काढला असेल तर पिऊन टाक.” “नाही गं, दगडासारखा आहे.” फोन ठेवून तिनं डब्यावरचं पाणी पदरानं पुसलं आणि वितळलेला रस पुन्हा फ्रीजरमध्ये सरकवला.