चापावरचं बोट

"बोट बाहेर," जोतीराम मास्तर शांतपणे म्हणाले, आणि पुतळाबाईंनी चापावर गेलेलं बोट लगेच उचलून रिव्हॉल्वरच्या अंगाला सरळ टेकवलं.

ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

रायफल क्लबची रेंज नावड्याच्या पुढे, डोंगराच्या पोटात होती. फौजेतून निवृत्त झालेले जोतीराम तिथे सहा वर्षं शिकवत होते. वाशीचे व्यापारी काय, बिल्डर काय, सगळ्यांना पहिल्याच दिवशी गोळी झाडायची घाई. करावे गावच्या या पन्नाशीच्या विधवा बाई मात्र पहिले तीन रविवार नुसते नियम ऐकत बसल्या. हत्यार रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. नळी कायम टार्गेटकडे. लाल बावटा वर गेला की हत्यार खाली ठेवायचं आणि दोन पावलं मागे. लिहिण्यावाचण्याशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. पण ऐकलेलं शब्दशः म्हणून दाखवत.

शिकायचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं.

"घरात रिव्हॉल्वर आला, पन मी कदी हात नाय लावला. तो कसा चालतो, ते मना बघाचं हाय."

जोतीरामांनी खोदून विचारलं नाही. शेतं गेली, बंगले उठले आणि भावकीत कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, हे त्यांनी आसपासच्या गावांत पाहिलं होतं. बाईंना नवरा नव्हता. एकुलता मुलगा हरेश, तोही सध्या घरी नसतो, एवढंच त्या बोलल्या होत्या. कुणीतरी यांना धमकावतंय, असं मास्तरांनी मनाशी धरलं आणि जीव लावून शिकवलं. बाईही दर रविवारी डब्यातून खाडीतल्या निवट्यांचं सुकं आणत. साताऱ्याकडच्या जोतीरामांनी हा मासा जन्मात पाहिला नव्हता. आता ते रविवारची वाट पाहू लागले.

एकदा शेजारच्या जागेवरचा एक बिल्डर हसत हसत मागे वळला. भरलेलं रिव्हॉल्वर हातात, नळी थेट बाईंच्या पोटाकडे. जोतीरामांनी झडप घालून त्याचं मनगट जमिनीकडे दाबलं आणि त्याला तिथल्या तिथे रेंजबाहेर काढलं. पुतळाबाई बाकावर बसल्या त्या अर्धा तास बसूनच राहिल्या. बाईंच्या जिवाला नक्की कुणापासून तरी धोका आहे, ही मास्तरांची खात्रीच झाली.

दहाव्या रविवारी शिक्षण संपलं. परवान्याच्या अर्जाला जोडायचा दाखला जोतीरामांनी आधीच सही करून खिशात ठेवला होता.

"मास्तर, एक राहिलं," बाई म्हणाल्या. "चाप एकदा ओढला तर दोन गोल्या सुटतात?"

"नाही. एकदा ओढला की एकच. दुसरीसाठी बोट सोडायचं, आणि परत तेवढाच जोर लावून ओढायचं."

"आनि साफ करताना?"

"साफ करताना गोळ्या आधी बाहेर काढायच्या. एखादा विसरला आणि बोट लागलं, तर एक सुटेल. दुसरी आपोआप सुटणार नाही."

बाईंनी दोनच गोळ्या मागून घेतल्या. कानांवर आवरण चढवलं, पाय रोवले. पहिली गोळी झाडली आणि थांबल्या. बराच वेळ त्या हातातल्या रिव्हॉल्वरकडे बघत राहिल्या. नळी मात्र जागची हलली नाही. मग त्यांनी दात आवळून पुन्हा चाप ओढला.

रिव्हॉल्वर रिकामं करून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. जोतीरामांनी दाखला पुढे केला. परवाना मिळायला आता अडचण नाही, कुणाला भिऊन राहायचंही कारण नाही, असं ते मायेनं म्हणाले.

बाईंनी कागद हातात घेतला नाही.

"मना परवाना नको, मास्तर," त्या म्हणाल्या. "हरेश सांगतो, साफ करताना चुकून सुटली. डाक्टरनी माज्या सुनेच्या अंगातून दोन काढल्या. उद्या ठाण्याच्या कोर्टात मी त्याच्या बाजूनं साक्ष देनार होती."